भागाबाईनं चुकवलेली उत्तरं

भागाबाईला कोणी नुसतं "बरी हायस का?" म्हणून विचारलं, तरी ती आधी विचारणाऱ्याच्या हाताकडं पाहायची आणि मग तोंडाकडं. ही सवय तिला मेंढरांच्या बाजारानं लावली होती.

तिचा नवरा भुजंग होता तोवर दोघं नवराबायको कळपामागं रानोरान फिरली. बाजारात घेणारा यायचा तो आधी गोड बोलायचा. पाऊसपाणी विचारायचा, लेकराबाळांची चौकशी करायचा, आणि बोलता बोलता त्याचा हात मेंढीच्या पाठीवरून फिरत असायचा. कणा हाताला लागतो का, दात किती झिजलेत, डोळ्याची आतली पापणी लाल आहे का पांढरी पडली. सगळं चाचपून झालं की म्हणायचा, "म्हातारी दिसते." म्हातारी ठरलेली मेंढी दुसऱ्या कळपात जात नसते. ती कुठं जाते हे भागाबाईला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळं कोणी चौकशी केली की ती सावध व्हायची.

दुसरी सवय सासूनं लावली. नवी नवरी होऊन कळपामागं चालायला लागली त्याच दिवशी सासूनं सांगितलं होतं, "सकाळी पानी पी, आन् मग दिवस बुडाल्यावर. मधात पिऊ नको." माळ म्हणजे उघडा तळहात. ना झाड ना झुडूप, आणि पुढंमागं गडी माणसं. बाईनं आडोशाला जायचं तरी कुठं? भागाबाईनं ते मनावर घेतलं आणि असं घेतलं की बाकीच्या बायकांना तिचा दाखला द्यायला लागले. तिला त्याचा अभिमान होता. तहान मारता येणं हीसुद्धा एक कमाईच आहे, असं तिला वाटायचं.

भुजंग गेला. कळप विकला. डोंगरकड्याजवळच्या वाडीवर लेक शिवहार, सून राधिका आणि नातवंडांत भागाबाई राहायला लागली. चार शेळ्या तेवढ्या दावणीला ठेवल्या, त्याही हट्टानं. गुडघे गेले होते. वाडीत तेव्हा कोणाकडंच संडास नव्हता. बायका ओढ्यापलीकडं, बाभळींच्या आडाला जायच्या. दिवसा भागाबाई काठी टेकत कशीबशी जाऊन यायची, पण अंधार पडला की राधिकेला उठवावं लागायचं. राधिका बॅटरी घेऊन पुढं आणि ही तिच्या खांद्याला धरून मागं.

राधिका वाईट नव्हती. पण दिवसभर कापूस वेचून आलेली बाई, तिची झोप ती केवढी! एकदा ती डोळे न उघडताच बोलून गेली, "आत्ताच तर जाऊन आलो न्हवं का, आत्याबाई?"

एवढंच बोलली. उठली, बॅटरी घेतली, नेऊनही आणलं. पण भागाबाईच्या काळजात ते वाक्य काट्यासारखं बसलं. आता आपण जड झालो, असं तिनं धरलं. आणि जड झालेल्याचं पुढं काय करतात याची तिला बाजारापासूनची माहिती होती.

तेव्हापासून तिनं जुनी सवय पुन्हा काढली. आधी दुपारनंतरचं पाणी बंद केलं. मग गुडघे जास्तच दुखायला लागले तसं दिवसाचंही तोडलं. राधिका उशाशी तांब्या भरून ठेवायची. भागाबाई कोणी नाही असं पाहून तो तुळशीला ओतायची. देवाच्या झाडाला घातलेलं पाणी वाया जात नाही, असं मनाशी म्हणायची. तिच्या मनाला वाटायचं, कोणाला काही कळत नाही.

*

नवा हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. पोळा होऊन गेला होता, पाऊस उघडला होता आणि ऊन असं पडलं होतं की कपाशीची पानं दुपारी माना टाकत. शिवहार शेतात फवारा मारत होता. राधिका शेळ्यांना चारा टाकायला गोठ्यात गेली तर भागाबाई दावणीजवळ आडवी पडलेली. डोळे उघडे, पण ओळख नाही. "लांडगा आला, कुत्रे सोडा," असं बरळत होती.

राधिकेनं हाका मारल्या. शिवहार तसाच धावत आला आणि मायला दोन्ही हातांवर उचलून रस्त्यापर्यंत आणली. चुलत चुलत्याची, अमृतरावाची जीप उभी होती. अमृतराव म्हणजे भुजंगचा चुलतभाऊ. आपली भाची शिवहारला द्यावी असं त्याच्या मनात होतं आणि ती केली नाही, हे इतक्या वर्षांतही त्याच्या मनातून गेलं नव्हतं. पण जीप मात्र त्यानं लगेच काढली. वसमतच्या रस्त्यावर एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथं तातडीच्या खोलीत भागाबाईला नेऊन निजवलं.

सलाईनची बाटली अर्ध्याच्या वर गेली तेव्हा भागाबाईला जाग आली. लांडगे गेले होते. वर पांढरं छत, हाताला सुई, आणि पायथ्याशी एक पांढऱ्या कपड्यातली पोरगी. पोरीच्या मनगटावर घड्याळ होतं. भागाबाईनं सवयीप्रमाणं आधी तिच्या हाताकडं पाहिलं.

"उठलात आजी? मी अंजली सिस्टर. नाव काय तुमचं?"

"त्यानं सांगितलं न्हाई का?" भागाबाईनं दाराशी उभ्या शिवहारकडं हनुवटी केली.

"सांगितलं. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

हे काहीतरी वेगळं होतं. जी गोष्ट माहीत आहे ती पुन्हा विचारणारा माणूस सरळ नसतो. तरी नाव सांगून टाकलं. नावानं कोणी भाव पाडत नाही.

"वय किती असेल?"

आता आली मुद्द्यावर, भागाबाई मनात म्हणाली. "पन्नास."

अंजली सिस्टरनं शिवहारच्या पिकलेल्या मिशांकडं पाहिलं. "आणि हे तुमचे चिरंजीव?"

"त्यो मोठा दिसतो जरा."

सिस्टर ओठ दाबून हसली. "बरं. नातवंडं किती आहेत?"

"देवानं दिली तेवढी."

"म्हणजे किती?"

भागाबाईनं तोंड भिंतीकडं केलं. कळपात डोकी किती, हे भुजंगनं उभ्या जन्मात परक्या माणसाला सांगितलं नव्हतं. मोजून सांगितलं की कमी होतं, असा त्यांच्या घरचा नेम होता. मेंढरांचं जे सांगायचं नाही ते लेकरांचं सांगायचं का?

"आज वार कोणता, आजी?"

"काहून? तुमाला ठाऊक न्हाई का?"

रविवार होता. बिरोबाचा वार, सकाळीच देवाला हात जोडून झाले होते. पण मनगटावर घड्याळ बांधलेली पोरगी वार विचारते म्हणजे त्यात डाव असणार. भागाबाईनं तो मनातच ठेवला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा लावलेल्या, घाईतल्या, पण हात हलका होता. त्यांनी आधी जीभ पाहिली. मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग छातीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली, आणि ती परत जागेवर बसायला किती वेळ लागतो ते पाहत राहिल्या.

भागाबाईला दरदरून घाम फुटला असता, पण अंगात घामालाही पाणी नव्हतं. हेच ती स्वतः करत आली होती. वाळलेली मेंढी अशीच ओळखतात. चिमटीतली कातडी तशीच उभी राहिली की समजायचं, हिच्यात काही उरलं नाही.

"मला मेंढरावानी तपासून राहिली," ती पुटपुटली.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बरळतात अजून," अंजली सिस्टर म्हणाली. "मघाशी वारही सांगता आला नाही."

"आजी, उठून चालता येतं का? घरी कोणी धरावं लागतं का?"

शेवटी तेच विचारलं. जी चालत नाही तिला गाडीत घालतात. भागाबाईनं सुई लावलेल्या हातानं खाटेची कड धरली आणि पाय खाली सोडले. "धरतंय कोन मला? मी सगळं माझं माझं करती." उभी राहिली, आणि गुडघ्यानं साफ दगा दिला. सिस्टरनं काखेत हात घालून वेळेवर सावरलं.

"लघवीला जळजळ होते का?"

"न्हाई." होत होती. आठवडा झाला होता.

"पाणी किती पिता दिवसातून?"

"पेते की. रग्गड पेते."

डॉक्टरीणबाईंनी रिकामी होत आलेली बाटली पाहिली, भागाबाईचे फुटलेले ओठ पाहिले. मग खाली वाकून तिच्या लुगड्याचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा फवारणीच्या औषधाचा वास आहे. यांच्या अंगाला कसा?"

कोणी काही बोलायच्या आत अमृतराव दारातून आत सरकला. "डॉक्टरीणबाई, मी सांगतो. आमच्या वहिनीला घरात कुत्रंबी इचारत न्हाई. लेक रानात, सुनेचं राज्य. काय खाऊ घालतेत, काय पाजतेत, देव जाणे."

दाराशी राधिका पदर तोंडाला लावून उभी होती. सगळ्यांच्या नजरा एकदम तिच्यावर गेल्या.

"घरच्यांनी बाहेर थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिस्टरनं पडदा ओढला. आत तिघीच उरल्या. डॉक्टरीणबाईंनी स्टूल जवळ घेतलं आणि आवाज खाली केला. "आजी, विष घेतल्याची लक्षणं मला दिसत नाहीत. पण तुमच्या अंगात पाणी नाही. हे एका दिवसाचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे. खरं सांगा, सून पाणी देते का? घाबरू नका."

कळपातून एकटीला बाजूला काढलं की पुढं काय असतं? भागाबाईचा संशय असा आभाळाएवढा झाला. ही बाई गोड बोलते. सुनेविरुद्ध एक शब्द काढून घेईल आणि मग म्हणेल, घरी तुमचं कोणी नाही, राहा आता कुठंतरी. अशी म्हाताऱ्यांना ठेवायची घरं निघालीत, असं तिनं ऐकलं होतं.

आणि खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात दुसराही विचार येऊन गेला. 'आत्ताच तर जाऊन आलो.' नुसती नकाराची मान हलवली असती तरी त्या वाक्याची फेड झाली असती.

तिनं मान हलवली नाही. बोललीही नाही. पण गप्प बसण्याचाही अर्थ होतो हे तिला कुठं ठाऊक?

"घाबरल्यात," डॉक्टरीणबाई उठत सिस्टरला म्हणाल्या. "पोलीस चौकीला कळवावं लागेल. म्हातारं माणूस आहे, असं सोडून देता येणार नाही."

पडद्याला कान नसतात, पण पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येतं. बाहेर अमृतराव बोलत होता. "आता पोलीस यायच्या आत हिला माहेरी पोचव, शिवहार. हिच्या बापाला निरोप धाड. लेकरं राहतील इथंच."

मग शिवहारचा आवाज आला, आणि तो आवाज भागाबाईलाही परका वाटला. "राधिका, तू मायला पानी देत न्हवतीस का?"

"देत व्हते."

"मग?"

"रोज तांब्या भरून ठेवत व्हते. त्या तुळशीला ओतत व्हत्या. मी खिडकीतून पाहिलं दोन-चार बारी." राधिकेचा आवाज फुटला. "मला वाटलं, माझ्या हातचं पानी त्यास्नी चालत न्हाई. कोणाला सांगावं हे? कोणत्या तोंडानं सांगावं?"

भागाबाई उताणी पडून छताकडं पाहत राहिली. हिला ठाऊक होतं! माहीत असून रोज तांब्या भरून ठेवत होती. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच, की मग हिचा त्यात काय डाव होता? पुष्कळ शोधलं. डाव काही सापडला नाही. ज्या पाण्याला मान नाही ते पाणी रोज भरणारी बाई, आणि तिला आता लेकरं टाकून माहेरी जायची पाळी. भागाबाईनं मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले. म्हणाली, देवा, मला लाज दिलीस ती आता थोडी परत घे.

"ए बाई," तिनं सिस्टरला हाक मारली. "सगळ्यास्नी आत बोलाव."

"लेकाला आणि सुनेला का?"

"व्हय. आन् त्या अमृतरावालाबी येऊ दे. गावभर त्योच सांगनार हाय, तवा बराबर ऐकून जाऊ दे."

सगळे आत आले. अमृतरावानं टोपी सारखी केली. राधिका सर्वांत मागं, भिंतीला टेकून. भागाबाईनं डोळे मिटले. गड्यांसमोर असलं बोलायचं म्हणजे भर बाजारात पदर सुटण्यासारखं होतं.

"मीच पेत न्हाई पानी," ती म्हणाली.

"का, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पेलं की जावं लागतं."

अमृतराव एकदम खिडकीबाहेर पाहायला लागला.

"ओढ्यापल्याड जावं लागतं," भागाबाई आता थांबेना. "गुडघं चालत न्हाईत. अंधारात हिला उठवावं लागतं. दिसभर राबती ती बी. आमी मेंढरामागं उभा दिस बिनपान्यानं काढलाय, मला काय त्याचं? म्हनून बंद केलं. तिचा काही कसूर न्हाई. पानी तिनं दिलं, मी ओतलं."

ते वाक्य तिनं सांगितलं नाही. ते पोटात ठेवायचं तिनं ठरवलं होतं. पण भिंतीजवळून राधिकाच बोलली. "कसूर हाय, आत्याबाई. मी एकदा झोपेत वैतागून बोलले तुमाला. आत्ताच तर जाऊन आलो म्हनून. दुसऱ्या दिवशीच मला ते खुपलं. पर माफी मागायचं ध्यान राहिलं न्हाई, आन् तुमी काही बोलल्या न्हाईत. मला वाटलं, तुमी इसरल्या."

"मी काही इसरत न्हाई," भागाबाई म्हणाली. "आज रविवार हाय."

अंजली सिस्टर खुदकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात धरला.

"आणि हा वास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शिवहारनं आपल्या सदऱ्याची बाही नाकाजवळ नेली आणि ओशाळून म्हणाला, "फवारा मारून राहिलो व्हतो. तसंच उचललं मायला." डॉक्टरीणबाईंनी जवळ येऊन वास घेतला, मग त्याला हौदावर जाऊन हातपाय आणि सदरा धुवून यायला सांगितलं. चौकीचं नाव पुन्हा निघालं नाही. अमृतराव जीप पाहून येतो म्हणाला तो परत आतच आला नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. जळजळ आहे का, किती दिवसांची, थंडी वाजते का, रात्रीतून किती वेळा उठावंसं वाटतं. या वेळी भागाबाईनं खरं सांगितलं, पण प्रत्येक उत्तराआधी एकदा त्यांच्या हाताकडं पाहून घेतलं. पाणी तोडल्यानं लघवीत दोष झाला, त्यानं ताप चढला आणि तापानं डोक्यात लांडगे आले, एवढं तिला समजलं. शिवहारला त्यांनी बाहेर नेऊन आणखी काही समजावलं. त्यात औषधापेक्षा आडोशाचं बोलणं जास्त होतं.

"मला ठेवून घेनार का हितं?" भागाबाईनं सिस्टरला विचारलं.

"ताप उतरेपर्यंत."

"आन् मग?"

"मग घरी."

"कोणाच्या घरी?"

"तुमच्याच की, आजी!"

"घे शपथ."

"औंढ्याच्या नागनाथाची शपथ," अंजली सिस्टर म्हणाली. भागाबाईनं तिच्याकडं नीट पाहून घेतलं. शपथ घेताना हात पदराआड नव्हता.

संध्याकाळच्या आधी राधिकेनं पेला भरून आणला. भागाबाईनं पेल्यात डोकावून पाहिलं, वास घेतला. "कुठल्या नळाचं हाय?"

"त्या कोपऱ्यातल्या."

"लोक हात धुतेत तिथं."

"पिण्याचा वेगळा हाय, आत्याबाई. मी आधी पिऊन पाहिलं."

भागाबाईनं पेला तोंडाला लावला. घोट घेतला, थांबली, मग सगळा संपवून रिकामा पेला राधिकेच्या हातात दिला. सून दुसरा भरून घेऊन आली, तोही अर्धा गेला. राधिका खाटेजवळ स्टूल ओढून बसली. खिडकीतून अजून चांगला उजेड येत होता. मग भागाबाई भिंतीकडं पाहत म्हणाली, "चल. हितं बॅटरी लागायची न्हाई."

राधिकेनं खांदा पुढं केला. वऱ्हांड्यात बाकांवर माणसं बसली होती, त्यांत गडीही होते. त्यांच्यासमोरून भागाबाई सुनेच्या खांद्याला धरून गेली आणि तशीच परत आली.

*

शिवहारनं गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून तुराट्यांचा आडोसा केला, आत फरशीचा तुकडा बसवला आणि पाणी जायला नाली काढली. भागाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. रोज दिवस मावळायच्या आत ती त्या आडोशाच्या सुतळ्या ओढून पाहायची, कोणी सोडून नेल्या का म्हणून. अमृतराव वाटेनं गेला की शेळ्या आत घ्यायची. दवाखान्यात दाखवायला नेलं की अंजली सिस्टर मुद्दाम वय विचारायची, आणि ही मुद्दाम पन्नासच सांगायची.

तुळस मात्र त्या हिवाळ्यात जरा वाळली. एका सकाळी भागाबाई तिच्यापाशी बसून पानं चाचपत होती. मातीत बोट घालून पाहिलं, मग स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाली, "काय गं राधिका, तुळशीला पानी घालत न्हाईस का तू?"

"माझं मी घालते, आत्याबाई," आतून उत्तर आलं. "तुमचं तेवढं बंद झालं."